सईच्या सातव्यात प्लूटो

शनि. ८ नोव्हें.
सईच्या लग्नाची बोलणी करायला सगळ्यात आधी आली ती रोहनची आत्या, रॉटरडॅमहून. अकराचं बोलावणं आणि बाई दहालाच दारात! मी अजून गाउनमध्ये. मग हार्लेमहून रोहन आणि त्याचे वडील दिलीपराव. मुलगा आमच्या सईने आपणच पसंत केलेला. पाया पडला, पोहे मागून घेतले. मी इतकी खूश की चहात साखर दोनदा पडली. कोणी बोललं नाही. गोड माणसं.
नात माझी सई इथे लायडनलाच नोकरीला. आभाळातले बारके गोळे न् दगड, कोणाला ग्रह म्हणायचं न् कोणाला नाही, ते बघते. पगार देतात त्याचा!
मग दि.रावांनी फोनवर पत्रिका उघडली आणि चेहराच उतरला. "हिच्या सातव्यात प्लूटो आहे."
सई हसून म्हणाली, "काका, प्लूटो ग्रह नाहीच. बटुग्रह."
आत्या: "हे कोणी ठरवलं?"
"खगोलशास्त्रज्ञांनी. मतं घेतली."
"हात वर करून ग्रह काढतात? सोसायटीची मीटिंग आहे का गं?"
जेवायला थांबले नाहीत. श्रीखंड तसंच...

रवि. ९
बटु म्हटलं की मला मुंजीतला बटूच दिसतो, लंगोटी लावलेला. एवढासा पोरगा लग्न मोडतो?
सईला म्हटलं, त्यांच्यापुरतं म्हण ना ग्रह. तर म्हणे, "आजी, हेच माझं काम. ऑफिसात एक न् घरी एक सांगू?" ग्रह का नाही, तर गोल आहे, सूर्याभोवती फिरतो, पण आपल्या वाटेतले बाकीचे बाजूला सारलेले नाहीत. म्हटलं, मीही मुलाच्या घरात राहते, कोणाला बाजूला सारलं नाही, मग मी कोण? हसली. हसता हसता रडायलाच लागली. काय करू मी.

मंगळ. ११
रोहनचा फोन नाही. पोर जेवत नाही. शेवटी पुण्याला आमच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. म्हणाले, "आजी, राहू-केतू धरून नऊ झाले. प्लूटो त्यात कुठला? पूजेत नाव नाही, मंत्र नाही." असा आनंद झाला! सई नाही म्हणते, गुरुजीही नाही म्हणतात! तश्शी दि.रावांना फोन केला.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे याची शांतीही नाही?"
काय करून बसले मी. शांती करू, या आशेवर होता माणूस. तीही मीच...

बुध. १२
आत्याचा फोन. दि.रावांच्या स्वतःच्या पत्रिकेत प्लूटो सातव्यात. सातवं घर जोडीदाराचं. रोहनची आई तो शाळेत असतानाच गेली. आता त्यांना मुलाच्या जिवाची भीती. आणि त्या दिवशी आम्ही हसलो.
देवापुढे बसले. काय मागावं तेच सुचेना.

रवि. १६
दि.राव आले. एकटेच, ट्रेनने. सईसमोर बसले. "खरं सांग. तो ग्रह नाही ना?"
नुसतं नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. पण आमची सई! "आज धरत नाहीत, काका. पण आमच्यातच भांडण आहे. काही जण म्हणतात, जे गोल ते ग्रह. मग चंद्रही ग्रह." (चंद्र आमच्या नवग्रहांत आहेच की! पण मी तोंड मिटून.) "ग्रह म्हणा नाहीतर दगड म्हणा, तो आपला फिरतो. माणसाला काही करत नाही."
"मग ती कशाने गेली?"
सईने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले होते?"
"त्यांनाही नीट कळलं नाही."
सईने ताटं घेतली. मी पोळी वाढली, त्यांनी अर्धी खाल्ली, सईने तेवढीच.
दारात बूट घालताना म्हणाले, "शनिवारी येतो. रोहनला घेऊन येतो." हो की नाही, ते काही बोलले नाहीत. मला विचारायचा धीर झाला नाही.
शनिवारी, बावीसला.