सुधाकरची नारिंगी ट्यूब

प्रिय सुधाकर,

तुझी ट्यूब आज माझ्या घरी आली, म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांतली मी नव्हे, हे तुला ठाऊक आहे. पण नांदुऱ्याहून बुलडाण्यापर्यंत ती मांडीवर घेऊन आले आणि वाटेत मनातल्या मनात तुझ्याशी एवढं भांडले, की आता अर्ध्यावर थांबवत नाही.

कंडक्टरनं विचारलं, "हे काय व्हय मावशी? पाळणा हाय काय?" म्हटलं, "मासे धरायची खुर्ची आहे. पाण्यावर तरंगते." तो हसला. तू असतास तर त्याला शेजारी बसवून सगळी माहिती दिली असतीस! मी खिडकीबाहेर बघत राहिले. दमले आहे रे.

आठवतं, आधी तू ट्रॅक्टरच्या ट्यूबला खाटेची निवार बांधून रोहिणखेडकडच्या तलावात उतरायचास? पाय पाण्यात, हातात गळाची काठी आणि खाली ती ठिगळं लावलेली जुनी ट्यूब. एखादा बाभळीचा काटा लागला असता तर? मीच म्हटलं, बसायचंच असेल तर नीट काहीतरी घे. मग तू मोबाइलवर चित्रं दाखवत बसलास. तुला गोल हवी होती, स्वस्त म्हणून. मी विचारलं, "उलटलास तर त्या भोकातून पाय कसे काढशील?" तेव्हा कुठे तू पुढून उघडी, घोड्याच्या नालेसारखी असते ती बघायला लागलास. हवेचे कप्पे दोन आणि वेगवेगळे हवेत, एक गेला तर दुसरा. वजन किती पेलते ते वाच, तू काही काडी नाहीस. सगळं मीच सांगायचं!

रंगावरून तर आपला अबोलाच झाला. तुला हिरवी पाहिजे होती. "ताई, नारिंगी पाहून मासे पयतीन ना!"

"मासे खालून बघतात. तुला काठावरून बघणारी आम्ही माणसं आहोत."

नारिंगी आली.

आणि आल्या आल्या तू काय केलंस? उन्हाळा होता, कापूस संपून तुझं जिनिंगचं काम बंद होतं. सरळ पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरनं ट्रॅक्टरच्या चाकासारखी टणटणीत भरून आणलीस. अंगठा दाबला तर दबेना. "हवा कशी भरा लागते हे मले नको शिकवू," म्हणालास. मग वैशाखातल्या उन्हात ती काठावर टाकून गळाला लावायचे कणकेचे गोळे वळत बसलास, आणि ती फुटली. केवढा आवाज! बकऱ्या उधळल्या, आणि त्यांच्यामागची म्हातारी तुला जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. मोच्याकडून कापड शिवून घेतलंस, आतला फुगा बदललास, आणि तेव्हापासून पायपंपानं बेताचीच भरायला लागलास. पाण्यात गार होऊन सैल पडली, तर थोडी आणखी.

पायात बदकासारखे पंखे घालून तू पाण्यात उलटा चालत उतरायचास. तीच म्हातारी ओरडली होती, "उलट्या पायाचं हाय काय वं हे? दिवसाच निघालं!" खरं सांगू? मला ते बघायला आवडायचं. पाय मारत मागे मागे जाताना तुझं तोंड सारखं काठाकडे असायचं. मी वर्तमानपत्रातून मान वर केली की तू दिसायचास, लहान लहान होत जाणारा आणि हसणारा.

मग छातीत दुखतं हे का लपवलंस? "आंबट ढेकर येऊन राह्यले" म्हणत पित्ताच्या पुड्या खात राहिलास. बहिणीला एक फोन करता येत नव्हता? मी तुला ओढत दवाखान्यात नेलं असतं, म्हणूनच केला नाहीस ना!

त्या रविवारी वारा सुटला आणि ट्यूब पलीकडच्या काठाला जाऊन लागली. तुझ्या सोबतीला आलेल्या गजाननला वाटलं, तोंडावर टोपी घेऊन झोपला आहेस. "सुधाकरभाऊ, काऊन बोलत नाही हो?" असं तो लांबूनच विचारत राहिला. डॉक्टर म्हणाले, हृदय. पाणी तुझ्या कमरेच्या वरही आलं नव्हतं.

आज तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भंतेजी गेले, माणसं जेवून गेली, आणि बघते तर तुझी वंदना अंगणात विळा घेऊन उभी. "हिनंच नेलं त्याईले. फाडू द्या मले हिले!"

दीपाली ट्यूबवर आडवी पडली. "आई, हिच्यामुळंच बाबा वर राह्यले. नाही तं पाण्यात बुड्या मारून शोधा लागलं असतं! रविवारी मी बसीन हिच्यात."

"मर मंग तूही!"

वंदना हे पोटच्या लेकीला बोलली. आणि सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. या घरातलं प्रत्येक भांडण शेवटी माझ्याच पुढ्यात का येतं रे? दोघींचंही खरं होतं. मी विळा काढून घेतला, पोरीला उठवलं, ट्यूबची हवा सोडली आणि म्हटलं, "ही माझ्या घरी राहील." तो काही न्याय नव्हता. मला फक्त तिथून निघायचं होतं.

घरी पोचते तोच दीपालीचा फोन. "आत्या, रविवारी येऊ न्यायले?"

"आईनं जा म्हटलं तर ये."

"आई कधीच म्हणणार नाही."

"मग कधीच नाही."

तिनं फोन आपटला. तुझीच मुलगी!

दिवेलागणीला वंदनाचा फोन आला.

"ताई, त्या ट्यूबले पाठीमागं उशी असते ना टेकाची... तिच्यातली हवा काढली काय तुमी?"

मी जाऊन पाहिलं. मोठे कप्पे रिकामे केले होते, छोटी उशी घाईत तशीच राहून गेली होती. "नाही. आहे अजून."

"थे तोंडानं फुगवत. शनिवारी सांच्याले, इथंच ओट्यापाशी बसून. मी म्हणो, दम लागते तुमाले, पंप लावा. आयकतच नव्हते." मग म्हणाली, "ताई, काढू नका."

सुधाकर, पुढच्या आठवड्यात मी दोघींनाही छाती तपासायला नेणार आहे. त्यांना आवडो न आवडो. आणि त्या उशीचं बूच मी उघडणार नाही. तिला ऊन लागू देणार नाही, कोणाला टेकू देणार नाही. तरी ती हवा हळूहळू जाणारच, ते माझ्या हातात नाही. जेव्हा उशी सपाट होईल तेव्हा वंदनाला बोलावून तिच्या हातात देईन, आणि मगच दीपालीच्या पाण्यात उतरण्याचा विषय काढीन. तोवर दीपालीनं माझ्याशी बोलणं टाकलं तरी चालेल. घाई कोणालाच करू देणार नाही, हा माझा तुला शब्द.

तुझ्यावरचा राग अजून न गेलेली,
तुझी ताई