सकाळी थरथरणारी गाडी

बेलापूर,
दि. १७ जानेवारी १९९६

रेश्माच्या पप्पांना सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र पोचलं. इकडे आम्ही तिघी बऱ्या आहोत. आत्याबाईंचा गुडघा थंडीनं धरलाय, पण जीभ ठणठणीत आहे. रेश्मा इंग्रजीत पास झाली, तिचे पेढे गुडघा धरून बसलेल्या तुमच्या आईंनीच संपवले. तुम्ही तिकडे गुजरातेत डाळीत गूळ खाऊन कसे आहात ते कळवा.

तुम्ही पाठवलेले सुप्याच्या कारखान्यातले साहेब रविवारी सकाळी गाडी बघायला आले होते. चहा-पोहे झाले. गाडी त्यांनी घेतली नाही. एवढं वाचून लगेच फोन करायला पळू नका. सगळं सांगते, पण माझ्या क्रमानं.

दिवाळी करून तुम्ही परत गेलात आणि गाडीचं दुखणं सुरू झालं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सकाळी ती चालू करत होते. थंड इंजिन चालू झालं की गाडी जागेवर अशी थरथरायची की बोनेटवर ठेवलेला तांब्या नाचत नाचत खाली यायचा. दोनदा बंद पडायची, तिसऱ्यांदा धरायची. एकदा गरम झाली की मग शहाण्यासारखी, अगदी फाट्यापर्यंत कुरकूर नाही. फाट्याचं पुढे सांगते.

तुम्ही पत्रातून एकेक औषध पाठवलंत. प्लग घासले, चोक ओढून पाहिला, पेट्रोल बदललं. गोरक्ष मिस्त्रीनं दर वेळी कार्बोरेटर खोलला, पुसला, परत बसवला. गाडी थरथरतच राहिली. मग तुमचं पत्र आलं, की असली गाडी ठेवायची कशाला, घरात चालवणारंही कोणी नाही, गिऱ्हाईक पाठवतो, देऊन टाक. ते वाचून मला रडू आलं. राग जास्त आला.

मग मीच बोनेट उघडलं. इंजिन थरथरत होतं आणि आतून कुकरच्या शिट्टीआधी येतो तसा बारीक ‘स्स्स’ आवाज येत होता. आपल्या कुकरचं रबर कडक झालं की कुठून वाफ जाते हे मला झोपेतही कळतं. त्याच रीतीनं बोट फिरवत गेले. एका रबरी नळीच्या तोंडाशी बोट दाबलं आणि गाडी एकदम गप्प, मांजरासारखी घुरघुरायला लागली. बोट काढलं की थरथर, ठेवलं की शांत. मी चार वेळा करून पाहिलं, खोटं वाटत होतं म्हणून.

त्या नळीला काय लोंबत होतं, सांगा बरं? काळ्या फडक्याची पुरचुंडी! आत बिब्बा, मीठ, मोहरी आणि वर काळी बाहुली. तिच्या ओझ्यानं नळी खाली ओढली जाऊन तोंडाशी चिरली होती. थंडीत रबर कडक झालं की भेग उघडायची आणि इंजिन तिथून फुकटची हवा ओढायचं. गरम झालं की रबर मऊ होऊन भेग मिटायची.

मी पुरचुंडी हातात घेऊन आत्याबाईंपुढे उभी राहिले. त्या जराही ओशाळल्या नाहीत. “माझ्या लेकानं पुढं लिंबू-मिरची लावू दिली न्हाई, शोभत न्हाई म्हनला. मग म्या आत बांधलं. आतलं कुनाला दिसतंय?”

गोरक्षला तर दिसत होतं! त्याला विचारलं, तर म्हणतो, “वैनी, रोजच दिसत हुतं. पन देवाधर्माचं हाय, म्या कसा हात लावनार? हात जोडायचो आन् कार्बोरेटर खोलायचो.”

त्यानं नळीचं चिरलेलं टोक कापलं, बाकीची पुढे ओढून घट्ट बसवली. काम झालं. तेव्हापासून गाडी कडाक्याच्या थंडीतही पहिल्याच चावीला धरते.

आता फाट्याचं. अहो, मी गाडी चालवते. डिसेंबरपासून. गोरक्षच्या बायकोनं, मालनबाईनं, इथल्या कारखान्याच्या मोकळ्या मैदानात शिकवलं. आत्याबाई मागे बसून देवाचं नाव घेत होत्या आणि “आता दाब, आता दाब” म्हणून ओरडत होत्या. पक्कं लायसन्स आलंय. त्यावर नवऱ्याचं नाव म्हणून तुमचंच आहे, काळजी नसावी.

एस.टी. भरून आली की फाट्यावर थांबत नाही. मी शिकवते ती वस्तीवरची शाळा सुटली की मी तिथे उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायची. आता मी येते-जाते. आत्याबाईंना गुडघ्यासाठी श्रीरामपूरला डॉक्टरकडे नेते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण कोणाची वाट न बघता घराबाहेर पडायचं सुख मला या गाडीनं दिलं. तुम्हाला हे लिहायला एवढे दिवस लागले, कारण तुम्ही नको म्हणाल याची भीती होती. अजूनही आहे.

आणि रविवारचं. साहेब यायच्या आधी मी बोनेट उघडलं आणि बरी झालेली नळी माझ्या हातानं उपसून ठेवली. गाडी अशी हलली की साहेबांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी विचारलं, “रोज असंच?” मी मान खाली घातली. आत्याबाई मात्र पुढे झाल्या. “लई गुनाची हाय ओ. फकस्त सकाळी तेवढं अंगात येतं.”

साहेब पोहे अर्धे टाकून गेले. ते वळणापलीकडे दिसेनासे झाले तशी मी नळी परत बसवली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. तुमची आई एवढी हसलेली मी या घरात कधी पाहिली नव्हती.

तुम्ही रागवाल. रागवा, पण इकडे येऊन रागवा. दिवाळीनंतर तुमचं तोंड बघितलेलं नाही. सुट्टी काढा, रेल्वेनं कोणत्या दिवशी येता ते कळवा, स्टेशनावर रिक्षा करू नका. मी घ्यायला येईन. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं आणि घर येईपर्यंत गियर, ब्रेक, क्लच यातला एकही शब्द काढायचा नाही. दारात उतरल्यावर मग सांगा, ही गाडी विकायची का. तेव्हाही विकायची म्हणालात, तर चावी तुमच्या हातावर ठेवीन. पण मागा समोर उभं राहून, पत्रातून नाही.

वाट बघणारी, पण आता फाट्यावर नाही,
तुमची
रतन