फळ्यांच्या भिंतीवरची बुरशी

बाबा, आपल्या डोंबिवलीच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. ते घर पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहिली, तिलाही आता म्हातारपण आलं, आणि मी मात्र मनातल्या मनात तुमच्याशी त्या भिंतीवरून भांडतेच आहे. तीन भिंती विटांच्या आणि चौथी, स्वयंपाकघराची, फळ्यांची. विटा पुरल्या नाहीत म्हणून तेवढ्यापुरती उभी केलेली, ती कायमची झाली. श्रावणात तिच्यावर आधी हिरवा बुळबुळीत थर यायचा, मग काळे ठिपके, आणि गणपती बसेपर्यंत काजळी फासल्यासारखी सगळी भिंत काळी.

तुम्ही ठाण्याच्या कापडगिरणीत ब्लीचिंग खात्यात होतात. मातकट कापड पांढरंशुभ्र करून बाहेर काढायचं हे तुमचं रोजचं काम. त्या माणसाच्या घराची भिंत काळी, हे तुम्हाला सहनच व्हायचं नाही. जरा उघडीप मिळाली की रविवारी तुम्ही फळ्यांवर खडूने चौकोन आखायचात. एका चौकोनाला धुण्याच्या सोड्याचं कढत पाणी, दुसऱ्याला चुन्याची निवळी, तिसऱ्याला मोरचूद, चौथ्याला ब्लीचिंग पावडर. काथ्याच्या ब्रशने खसाखसा घासायचं आणि कुठला चौकोन किती दिवस टिकला ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचं. मोरचुदाने फळ्या निळसर झाल्या, सोड्याने त्यांची तुसं निघाली. ब्लीचिंग पावडरचा चौकोन पंधरा दिवस असा लख्ख राहिला की तुम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवलात. सोळाव्या दिवशी तोही काळा. मला हसू आलेलं, आणि तुम्ही ते पाहिलंत.

मला भिंतीचं काही नव्हतं, बाबा. आतल्या बाजूला, पिठाच्या डब्यांमागे तीच बुरशी चढत होती आणि आईचा दमा वाढत होता. सकाळी पीठ मळता मळता ती थांबायची, फळीला हात टेकून श्वास गोळा करायची. मी मॅट्रिकला होते, डोळे होते मला. कौलांची पन्हळ मधोमध फुटलेली, छपराचं सगळं पाणी थेट फळ्यांवर येत होतं. वर शेजारच्या आवारातल्या फणसाची फांदी, ऊन म्हणून लागायचं नाही. भाद्रपदातल्या त्या रविवारी चहा घेताना मी तुम्हाला ते सांगितलं. "पन्हळ बदला ना बाबा. ती फांदी छाटा. नुसतं धुऊन काय होणार?"

"वीस वर्षं रसायनांत काढलीत मी," तुम्ही म्हणालात. "आता तू मला शिकवणार?"

"अहो, ती म्हणतेय ते एकदा बघा तरी," आई म्हणाली.

"तू तुझी चूल बघ."

किती साधी गोष्ट होती! शिडी लावून एकदा वर बघायचं. पण तुम्हाला वर बघायचंच नव्हतं, तुम्हाला धुवायचं होतं. तुम्ही गिरणीतून ॲसिडची बाटली आणलेली. पावडरच्या पाण्यावर पातळ ॲसिडचा हात फिरवला की ते जोरात काम करतं, कापडावर आम्ही असंच करतो, असं तुम्ही आदल्या दिवशी आईला समजावून सांगत होतात.

चहानंतर मी पुढच्या ओट्यावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसले आहे, रागाने एक ओळ डोक्यात शिरत नाही. मागून ब्रशचा आवाज येतो. मग तो क्लोरीनचा वास, नाकात सुई गेल्यासारखा. पश्चिमेचा वारा फळ्यांच्या फटींतून सगळं आत ढकलतो आहे. स्वयंपाकघरात काहीतरी पडतं. मी धावते तर आई चुलीपाशी गुडघ्यांवर, तोंड उघडं, आवाज नाही. मला ती उचलवत नाही. शेजारची आगरीण काकू कंबरेला पदर खोचून आत येते, आईला काखेत धरून परसात ओढते आणि माझ्यावर ओरडते, "पानी आन गो पोरी, रडतेस काय!" तुम्ही कोपऱ्यावरून धावत येता, हातात ब्रश तसाच. तुमचा तसा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

आई वाचली. पण तिचा आवाज बसला तो बसलाच. रत्नागिरीहून मामा तिला न्यायला आला आणि ओट्यावर सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाला, "माणूस आत आहे का एवढं बघायची अक्कल नव्हती?" तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चुकलं माझं." बाकी एक शब्द नाही. ती माहेरी होती त्या चार महिन्यांत तुम्ही पन्हळ बदललीत, फणसाच्या मालकाच्या हातापाया पडून फांदी छाटून घेतलीत. पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली. मी वाट पाहत राहिले की तुम्ही म्हणाल, पोरी, तुझं बरोबर होतं. माझं लग्न झालं, कल्याणला संसार झाला, दर दिवाळीला मी आले. तुम्ही भिंतीचा विषय काढलाच नाहीत. मी नातेवाइकांना, नवऱ्याला, मुलांना सांगत आले की माझ्या बापाच्या हट्टापायी आईचा गळा गेला. तुमच्या कानावर ते नक्कीच गेलं असणार.

हे पत्र फाडून टाकणार आहे मी. पण आज लिहायला बसलेय तर पुरतं लिहिते. त्या सकाळी ॲसिडची बाटली उघडण्याआधी तुम्ही घराच्या कोपऱ्यावरून मला हाक मारून विचारलं होतंत, "अगं, आई आत आहे का?" ती विहिरीवर गेली होती, ते मी पाहिलं होतं. ती परत आल्याचंही मला कळलं होतं, हंडा टेकवल्याचा आवाज मी ऐकला होता. पण मी तुमच्यावर चिडलेले होते. तुमच्या त्या पाण्यासाठी उठून आत बघायचं माझ्या जिवावर आलं. पुस्तकातून मान वर न करता मी म्हणाले, "नाही, कुणी नाही."