आबांचा अंगठा

भवानीनगर, मंगळवार, संध्याकाळ

मघाशी सासऱ्यांनी, आबांनी, मोबाईल पुढं केला. "सुरेखा, आवाज येईना. बघ जरा." आवाज लावला आणि सहज खाली सरकवत गेले. आधी त्यात बैलगाडा शर्यती असायच्या. आता नुसते तोंडाच्या कॅन्सरचे व्हिडिओ, एकामागून एक.

आबांना टाइप करता येत नाही. म्हणजे त्यांनी शोधलेलं नाही. असल्या एखाद्या व्हिडिओवर अंगठा थांबला असेल, मग पुन्हा थांबला असेल. जिथं थांबेल तेच पुढं येतं. तेवढ्यावरून मोबाईलनं ओळखलं. आणि मी? रोज ताट तर मीच वाढते. ठेचा नको, भाकरी दुधात कुस्कर म्हणाले, तर मला वाटलं, वय झालं.

विचारलं, "आबा, तोंडात काय झालंय का?"

"काय न्हाय. जरा सोललंय."

"उद्या बारामतीला दाखवून येऊ."

"आधी ऊस जाऊ दे कारखान्याला."

तोंड उघडा म्हटलं, तर मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसले. इथून खिडकीतून दिसतायत. अंगठा भराभर सरकत होता, मग थांबला. एवढं लिहून झालं, तरी अजून हललेला नाही.