दिव्यांचा गोळा आणि माझं टेबल

सोमवार, ४ मार्च

— आणि वर म्हणतात, टेबल तेवढं वापरतो, तुला त्रास नाही! त्रास नाही म्हणे. दवाखान्याचे पडदे मी पलंगावर बसून शिवायचे आणि माझ्या शिवणाच्या टेबलावर ह्यांचा पसारा. वायरी, पक्कड, डाग द्यायच्या कथलाचा धूर. पाच वर्षांमागे भांडून दुसरीकडे वेगळी खोली केली ना? मग टेबलही वेगळं करायचं होतं! पण त्या खोलीत खाट मावते तेच नशीब. लेक म्हणाली, थोडे दिवस येऊ दे बाबांना. तिला सातवा लागलाय, नाही कसं म्हणू? बाळासाठी आजोबा दिव्यांचा गोळा करणार. खुळखुळा आणला असता तर बाळ काय रुसणार होतं?

गुरुवार, ७ मार्च

गोळा म्हणजे पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू, खरबुजाएवढा. त्याला बारीक दिव्यांच्या पट्ट्या गोल गोल चिकटवायच्या, एकीचं टोक दुसरीला जोडत जायचं. मग म्हणे त्यावर मांजर चालेल. दिव्यांचं. स्वतः चपला फरफटत चालतात, आणि मांजर चालवणार!

शुक्रवार, ८ मार्च

आज आले नाहीत. टेबल मोकळं होतं. पडदे पलंगावरच शिवले.

बुधवार, १३ मार्च

घोळ केला मी. हे वायर आणायला गेले होते. मधली एक पट्टी लावायची राहिली होती. म्हटलं ह्यांच्या चालीने गोळा पुरा होईतो बाळ शाळेत जाईल, आणि दिली चिकटवून. घट्ट. ह्यांनी येऊन टोकं जोडली, चालू केलं — अर्धा गोळा काळा! पट्टीवर बारीक बाण असतात, सगळे एकाच दिशेला हवेत. मला कोण सांगणार? मी उलटी लावली, तिथून पुढे दिव्यांना निरोपच जाईना.

मी भांडायला तयारच बसले होते. हे नखाने पट्टी सोडवत राहिले, हळूहळू, जखमेवरची पट्टी काढावी तशी. मग म्हणाले, "गोंद मात्र छान लावलास."

आता ह्यावर काय भांडायचं? चहा टाकला.

शनिवार, १६ मार्च

चाललं! शेपूट वर करून. गोळ्याला कड नाही, त्यामुळे मांजर थांबतच नाही. मागे गेलं म्हणून मी टेबलाला वळसा घातला, तर समोरून हेही वळसा घालून आले. दोघं मांजरामागे! हे हसले. बाजूचा एक दात नाही. कधी पडला? मला माहीतच नाही.

मग टेबल ओल्या फडक्याने पुसलं, कथलाचे थेंब एकेक वेचले, पिशवी भरली. गोळा इथेच राहू दे, लेक येऊन नेईल, म्हणाले. "सुटलीस बाई."

गेले.

रविवार, १७ मार्च

टेबलाशी बसून शिवलं. एक शिवण सरळ येईल तर शपथ. दोनदा उसवली. गोळा दिवसभर चालूच ठेवला.

सोमवार, १८ मार्च

सकाळीच दारात. म्हणे गोळ्यातला एक दिवा लुकलुकतोय, बघायला हवा. गोळा माझ्या घरात, आणि ह्यांना तिकडून दिसलं! एकही दिवा लुकलुकत नाही. तोंडावर सांगितलं — "खोटं बोलायचं तर ह्या घरात राहून बोला. खाट घेऊन येताय की नाही, रविवारपर्यंत सांगा."