नवमीची सवाष्ण

११ सप्टेंबर

पोचले बाई एकदाची काशीत! नाशिकच्या वाइनरीत पाहुण्यांना वाइन चाखवून चाखवून माझीच जीभ विटली होती. आता आठ दिवस नुसती लस्सी. ऋतुराज म्हणाला, सईला मी सांभाळतो, तू बिनधास्त जा. सई निघताना रडली थोडी, पण चार वर्षांची पोरं रडतातच.

खोली मंगला गौरीच्या गल्लीत, काशीनाथकाका आणि अंबिकाकाकूंकडे. इथलीच जुनी मराठी मंडळी. त्यांचा मुलगा केयूर फारसं बोलत नाही. त्याची बायको मधुवंती गेल्या साली पंचगंगा घाटावर बुडाली म्हणे. घाटाच्या खालच्या पायऱ्या सध्याही पाण्यातच आहेत.

१२ सप्टेंबर

काकू भलत्याच चौकस! नवरा हयात आहे ना, मंगळसूत्र रोज घालतेस ना. नंतर कळलं, सोमवारी अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, आमच्याकडेही घालायचे. मधुवंतीसाठी तू बस, म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. पुरणपोळीला कोण नाही म्हणतं?

पण गल्लीत एवढ्या मराठी बायका असताना परगावची मीच का?

१४ सप्टेंबर

शेजारच्या मुक्ताताईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, मधुवंतीच्या पिंडाला कावळा शिवलाच नाही, तिचा जीव नवऱ्यात अडकलाय, म्हणून तिच्या नावाने आमच्यातली कुणी जेवणार नाही. मग घाईघाईने आत गेल्या.

भाकडकथा! तरी टाळावं असं वाटलं. पण काकूंनी माझ्यासाठी हिरवी साडी काढून ठेवली होती. ब्लाउज घालून पाहिला. अंगाबरोबर बसला. मी तर माप दिलंच नव्हतं. दिलेला शब्द मोडायची लाज वाटली. काय हा माझा भिडस्तपणा!

१५ सप्टेंबर

जेवले. काकूंनी ओटी भरली. केयूरला मुद्दाम माझ्यासमोर बसवलं होतं. असं कुठे असतं का? मी पहिला घास घेतला आणि गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा शिवला. काका रडायला लागले. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि सूनबाई म्हणाल्या.

खिरीची कसलीच चव लागली नाही. माझ्या जिभेला!

१६ सप्टेंबर

सकाळी चहा केला. न विचारता फडताळामागचा साखरेचा डबा काढला. ह्यांना आलं चालत नाही, म्हणून घातलं नाही.

ह्यांना म्हणजे केयूरना. अगं बाई, हे काय लिहिलं मी!

सामान उचलून स्टेशनला निघाले. ऑटोत बसले, स्टेशन म्हणून सांगितलं. ऑटो थांबली ती ह्याच गल्लीच्या तोंडाशी. ऑटोवाला म्हणाला, बहूजी, इथलाच तर पत्ता दिलात. काकू दारातच उभ्या होत्या, हातात कुंकवाची कोयरी. त्यांना कसं ठाऊक?

१७ सप्टेंबर

फोन लागला. ऋतुराज विचारत राहिला, कोण बोलतंय. मी सांगितलं, अरे मी सुनीती, मी. त्याने सईला फोन दिला. ती म्हणाली, ही माझी आई नाहीये.

खूप भीती वाटतेय. घरी जायचंय. सई माझी. सई माझी. हे लिहून ठेवते म्हणजे —

१९ सप्टेंबर

नाशिकहून कुणी आलेत. कडेवर लहान मुलगी. बायकोला शोधतायत. मी सांगितलं, ती सोमवारीच जेवून गेली. माझा चेहरा तिचाच आहे म्हणत होते, वेड्यासारखे. पोरगी घाबरून बघतच राहिली. ह्यांनी दार लावून घेतलं —

आता बाहेरून रडतेय. आई, आई करतेय. माझा हात कडीकडे का जातोय? सासूबाई म्हणतात, लक्ष नको देऊ, जातील.

रडणं लांब चाललंय —

थांब — सई — बाळा, जाऊ नकोस, मी आत —