माझ्या मळ्यातला वेढा

ता. ३ मार्च १९१३, सोमवार. सकाळी सात.
मळ्यात शत्रू शिरला आहे.
दात घासत बांधापर्यंत गेलो तर जांभळीखाली तट्ट्यांची तीन पालं. चूल पेटलेली. सात बायका, दोन शेळ्या, आणि मीरासाब पिंजारी कापूस पिंजायची धनुकली बुंध्याला टेकवून बसलेला. माझ्या जमिनीत. (सासऱ्यांनी लग्नानंतर दिलेली, म्हणजे माझीच.)
पुढारी बायडाबाई. साठीच्या पुढची, आवाज चावडीपर्यंत जाणारा. हे काय म्हणून विचारलं. म्हणाली, "बसलोय, मालक. वाट सुटंस्तवर उठायचं न्हाय."
वाट म्हणजे नदीला जाणारी पायवाट. हंबीरराव लाकूडवाल्यांनी समोर आपल्या वखारीभोवती नवी भिंत घातली, तीत ती बंद झाली. आता पाण्याला जायचं तर गाडीरस्त्यानं पाऊण कोसाचा वळसा. मीरासाबची बायको शमशाद त्या रस्त्याच्या उतारावर घागरीसकट पडली आणि मनगट मोडलं, असं त्यांचं म्हणणं. मनगटाला फडकं आहे खरं. फडक्याच्या आत काय आहे ते कोणी पाहिलं?
आणि भिंत हंबीररावांची, तर बसायचं माझ्या जमिनीत का? उत्तर उघड आहे. दरबारच्या दफ्तरात सव्वीस वर्षं कडक कारकुनी केली. एका हेलपाट्यात कोणाला नक्कल दिली नाही. अशा माणसाला रिटायर झाल्यावर शत्रू असायचेच. भिंत हे निमित्त. रोख माझ्यावर आहे.
निश्चय: बुधवारपर्यंत मळा मोकळा.

ता. ४ मार्च.
हंबीररावांनी बोलावून घेतलं. अकरा वर्षांचा शेजार, पण ओट्यावर खुर्ची आज पहिल्यांदा मिळाली. कपबशीतून चहा. म्हणाले, "आकारामराव, भिंत माझ्या जाग्यात हाय. त्या बसल्यात तुमच्या जाग्यात. तवा तक्रार तुमीच कराय पायजे. तुमच्या शब्दाला वजन हाय."
माणूस पारखणारा माणूस. सगळ्या कसबा बावड्यात ज्याच्यावर संशय घ्यायला जागा नाही असा हा एकटाच.
घरी बायकोला, शालूबाईला, सविस्तर सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "वाट सोडतो म्हनले का?" ते विचारायचं राहिलं. मुद्दा तो नव्हताच. ती भाकरी थापत होती. थाप जरा जोरात पडतेय असं वाटलं. नोंद करून ठेवतो.

ता. ५ मार्च, बुधवार.
अकरा पॉइंटांचं भाषण तयार करून मळ्यात गेलो. ऊन फार. बायडाबाईनं सावलीत जागा करून दिली. उभ्यानं बोलणं जास्त परिणामकारक, पण बसलो.
पहिला पॉइंट सुरू करणार तोच मीरासाबनं कागद पुढं केला. मामलेदारांना द्यायचा अर्ज. म्हणाला, "मालक, जरा नदर टाका की. तुमी दफ्तरातलं."
वाचून अंगावर काटा आला. मायना चुकलेला, ओळी उताराला लागलेल्या, आणि वाटेबद्दल नुसतं "जुनी वाट हाय". असं मोघम लिहितात? सन १८८७ च्या पाहणीच्या नकाशात ती वाट तांबड्या शाईनं दाखवलेली आहे. तो नकाशा मी स्वतः दोनदा नकलून काढला. सगळा अर्ज नव्यानं लिहून दिला, माझ्या अक्षरात, नकाशाच्या सालासकट.
ही मदत नव्हे. वाईट ड्राफ्ट डोळ्यांसमोर राहिला की मला जेवण जात नाही, एवढंच.
भाषण उद्या.

ता. ८ मार्च.
भाषणाला योग आला नाही. दोन दिवस बांधाआडून टेहळणी.
निष्कर्ष: घरातून कोणीतरी शत्रूला सामील आहे. पुरावे असे. आमच्या म्हशीचं दूध निम्म्यावर आलं. पिठाचा डबा भराभर उतरतो. आणि त्यांच्या चुलीवरचं मोठं पातेलं अगदी आमच्यासारखं, कड चेपलेली सुद्धा त्याच बाजूला.
शालूबाईला सहज विचारलं, आपलं पातेलं कुठं? म्हणाली, कल्हईला दिलंय. पटलं. बायडाबाईनं कल्हईवाल्याकडून लांबवलं असणार. ही बाई दिसते त्यापेक्षा खोल आहे.

ता. ११ मार्च.
हजामतीला गेलो. पाराखाली हाच विषय चाललेला. मी स्पष्ट मत दिलं की ज्याची जमीन त्याची सत्ता. उद्या कोणीही उठून कोणाच्याही रानात चूल मांडील, मग खाजगी म्हणून काही उरायचं नाही.
केरबा न्हाव्यानं वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवूनच विचारलं, "जमीन खाजगी म्हनून नदी बी खाजगी व्हतीया व्हय?" एक म्हातारा म्हणाला, बसायला दुसरीकडं जागा कुठं दिलीय त्यांना, रस्त्यावर बसल्या तर सरकारी शिपाई उठवणार. दुसरा म्हणाला, तरी पण दुसऱ्याच्या रानात विचारल्याशिवाय बसणं बरं न्हवं. मग केरबा म्हणाला, "इचारलं न्हाय कशावरनं?" आणि सगळे माझ्याकडं बघायला लागले.
काय इचारलं? कोणाला? वस्तरा गळ्यावर असल्यामुळे खोलात गेलो नाही.
येताना मळ्यावरून आलो. शमशाद डाव्या हातानं वाकळ शिवत होती. मीरासाब पिंजतो आणि ती शिवते, त्यावर त्यांचं घर चालतं. टाके वाकडे पडत होते. ती उसवायची आणि पुन्हा घालायची. मी बघतोय हे तिला दिसलं नसावं. वळसा घालून घरी आलो.

ता. १५ मार्च.
माझ्या तक्रारीवरून फौजदार आले. बरोबर एक शिपाई. त्यांना बांधावर उभं करून शत्रूची सगळी पोझिशन समजावून दिली. बायडाबाईनं दोघांना ताक दिलं. लाच, सरळसरळ. मीही घेतलं, म्हणजे चव कळावी.
फौजदारांनी जमिनीचा कागद मागितला. कागद शालूबाईच्या ट्रंकेत. ट्रंकेची किल्ली शालूबाईच्या कनवटीला. शालूबाई म्हणाली, किल्ली सापडत नाही. बोलताना किल्ली वाजत होती.
फौजदार म्हणाले, कागद मिळाला की कळवा. मळा अजून मोकळा नाही, पण सरकारी पाऊल मळ्यात पडलं हा नैतिक विजय.

ता. १६ मार्च.
माझा स्वतःचा प्लॅन. सीक्रेट.
सकाळपासून मोट धरली आणि विहिरीचं पाणी जांभळीकडं सोडलं. पालं भिजतील, चूल विझेल, दुपारपर्यंत शत्रू चिखलातून पळेल. पाणी मचूळ आहे, पिण्याच्या कामाचं नाही. मोट ओढून बैल आणि मी दोघंही थकलो.
दुपारी जाऊन पाहिलं. बायकांनी सरीला आडवा बांध घालून डबकं केलं होतं आणि चौदा दिवसांची धुणी काढली होती. जांभळीपासून विहिरीपर्यंत लुगडी वाळत घातलेली. शेळ्यांना आंघोळ घातली होती. बायडाबाई म्हणाली, "मालक, लई उपकार झालं. धुण्याचंच वांदं व्हतं बघा."
संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आकारामरावांनी बायकांसाठी मोट चालवली. ही अफवा कोण पसरवतं ते शोधलं पाहिजे.

ता. १८ मार्च.
हंबीरराव रस्त्यात भेटले. नमस्कार केला नाही. कान भरलेत कोणीतरी.

ता. २४ मार्च.
हंबीररावांनी पुन्हा बोलावलं. गैरसमज दूर. म्हणाले, मामलेदार स्वतः जागा पाहायला येणार आहेत. जमीनमालक म्हणून तुमचं एक लेखी निवेदन पाहिजे. यांना उठवावं आणि या ठिकाणी वाट कधीच नव्हती, असं.
दुसऱ्या वाक्याला मी जरा थांबलो. नकाशा आठवला. मग विचार केला की नकाशात असणं वेगळं आणि प्रत्यक्ष असणं वेगळं. मी स्वतः त्या वाटेनं कधी नदीला गेलो नाही. माझ्यापुरती ती वाट नव्हतीच.
घरी शालूबाईला हे समजावलं. ती म्हणाली, "न्हानपनापास्नं त्या वाटंनं घागर वाह्यली मी. आनि तुमची वरात सुदीक नदीवरनं त्याच वाटंनं आलती."
मुंडावळ्या डोळ्यांवर होत्या. मला काय दिसणार?

ता. २८ मार्च.
निवेदन दिलं. हंबीररावांच्या कारकुनाचं अक्षर बघवेना, म्हणून मीच लिहिलं. सहीवर शाईचा डाग पडला. टाक जुना.
निश्चय: यापुढं शालूबाईशी फक्त कामापुरतं बोलायचं. तीही तसंच बोलते आहे, आणि माझ्या आधीपासून. संशयास्पद.

ता. ३ एप्रिल, गुरुवार. इन्स्पेक्शन.
जसं घडलं तसं लिहितो.
मामलेदार सकाळी नऊला आले. जांभळीखाली टेबल मांडलं. एका बाजूला हंबीरराव, दुसऱ्या बाजूला बायका. मी मध्ये, स्वच्छ पागोटं घालून.
त्यांनी माझं निवेदन वाचलं. मग बायकांचा अर्ज वाचला. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला.
म्हणाले, "हे एकाच हाताचं अक्षर आहे."
शेळी ओरडली.
"या कागदात वाट कधीच नव्हती. या कागदात ती सत्त्याऐंशीच्या नकाशात तांबड्या शाईनं आहे. आकारामराव, यातलं खरं कुठलं?"
हंबीरराव माझ्याकडं बघत होते. शमशाद पण बघत होती, फडक्यातला हात मांडीवर घेऊन. मी म्हणालो, दोन्हींचं शुद्धलेखन बरोबर आहे. मामलेदारांनी पुन्हा तेच विचारलं. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "तांबड्या शाईचं."
का निघालं, सांगता येत नाही. ऊन होतं.
पुढं त्यांनी विचारलं, जमिनीचे मालक तुम्हीच ना? तोवर शालूबाई पदर डोक्यावर घेऊन मागून आली. किल्ली सापडलेली दिसली. सासऱ्यांचं बक्षीसपत्र टेबलावर ठेवलं. नाव तिचं. एकटीचं. मला ते माहीत होतं, फक्त अलीकडे वाचलेलं नव्हतं.
ती म्हणाली, "मीच बसवलंय ह्यांस्नी. बायडाबाई इचाराय आलती, मी म्हनलं बसा जांभळीखाली, सावली हाय. माझ्या रानात माझी पावनी हाइत ती. उठवायचं असंल तर मला इचारून उठवा."
एवढं लांब ती माझ्याशी महिन्याभरात बोलली नव्हती.
मामलेदार म्हणाले, नकाशा मागवून खात्री करतो, आणि तोवर त्यांनी भिंतीला गाडी जाईल एवढी वाट चार दिवसांत पाडायचा हुकूम दिला. हंबीरराव माझ्या अंगावरून गेले, पण मी तिथं नसल्यासारखे.
बायडाबाईला शेवटी विचारलंच, इतके दिवस तुम्ही बसलात ते माझ्याविरुद्ध नव्हे? ती खरोखर गोंधळली. म्हणाली, "तुमचं काय त्यात, मालक?"

ता. ७ एप्रिल. पाडवा.
भिंत फोडली. सकाळीच बायका घागरी घेऊन नव्या वाटेनं नदीला गेल्या. शमशाद पण गेली, उजव्या हाताला फडकं आणि डाव्या कमरेवर लहान कळशी. फडक्याच्या आत मोडलेलं मनगट होतं. आज जवळून पाहिलं. अजून वाकडंच आहे, हाडवैद्य म्हणतो तसंच राहणार.
येताना सगळ्या आमच्या दारात थांबल्या. शालूबाईची ओटी भरली. मी ओट्यावर होतो, गुढीच्या शेजारी, दिसेल असा. मीरासाबनं रामराम केला आणि म्हणाला, अक्षर लई चांगलं काढता, मालक.
दुपारी पालं उठली. मळा मोकळा. मी बुधवार म्हणालो होतो. आज सोमवार आहे. वार सोडला तर काम झालं.

ता. ९ एप्रिल, बुधवार.
या घरात नवऱ्याचा मान राहिलेला नाही, याचा निषेध करायचा निश्चय केला. रीत आता माहीत आहे. सकाळी आठला मळ्यात जाऊन जांभळीखाली बसलो. एका पालाचे तट्टे अजून उभे होते, त्यात. मागण्या मान्य होईपर्यंत उठायचं नाही.
नऊ. मागण्या लिहायला घेतल्या. पहिलीच नीट जमेना. खाडाखोड.
दहा. शालूबाई घागर घेऊन वाटेनं नदीला निघाली. बांधावर थांबून विचारलं, कशापायी बसलाय? ड्राफ्ट तयार नसल्यामुळं उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, "बारा वाजता ताट झाकून ठिवते," आणि गेली. चालीवरून वीस वर्षांनी लहान वाटली.
अकरा. फौजदार नाही, शिपाई नाही, ताकही नाही.
साडेअकराला बायडाबाई आली. जरा बरं वाटलं. तिला बसायला जागा करून दिली. ती बसली नाही. म्हणाली, "मालक, वाईच उठा. तट्टं माझं हाइत, घिऊन जायाचं हाइत."
उठलो. एक टोक तिनं धरलं, दुसरं धरायला कोणी नव्हतं म्हणून मी धरलं. तिच्या घरापर्यंत पोचवून दिलं. मग घरी आलो आणि जेवलो.